देवापुढची काच

दर्यापूरहून अमरावतीला जीप चालवणाऱ्याच्या नशिबी सूर्य कायम तोंडावर असतो. सकाळी निघावं तर पूर्वेला, उगवतं ऊन थेट डोळ्यांत. संध्याकाळी परतावं तर पश्चिमेला, मावळतं ऊनही थेट डोळ्यांत. अमरावतीचे ड्रायव्हर सकाळी दर्यापूरला येतात आणि संध्याकाळी घरी जातात, ते बेटे दोन्ही वेळा सूर्य पाठीवर घेऊन शीळ वाजवत जातात. खुशालराव याला देवाचा पक्षपात म्हणायचे. पण तेवढ्यासाठी गाव बदलावं, असं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

खुशालराव शेतकऱ्याच्या घरातले. घरची काळी जमीन, कपाशी नि सोयाबीन पिकवणारे दोन भाऊ, सगळं व्यवस्थित. यांचं मन मात्र लहानपणापासून वावरात कमी आणि वावराशेजारून धूळ उडवत जाणाऱ्या गाड्यांत जास्त. शेवटी भावांनी शेती धरली आणि यांनी काळी-पिवळी जीप घेतली. स्टँडबाहेर रसवंतीशेजारी नंबर लावायचा, सीटा, म्हणजे प्रवासी, भरल्या की निघायचं, सकाळी एक फेरी जायची, संध्याकाळी एक यायची, मध्ये जमली तर वाटेतल्या वलगावपर्यंतची एखादी. साठी आली तरी नेम चुकला नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडून बाकी सगळी व्यसनं आपण सोडली, असं ते अभिमानाने सांगत. ती कधी धरलीच नव्हती, हे सांगत नसत.

गाडीत स्टिअरिंगच्या वर, काचेला टेकवून गजानन महाराजांचा फोटो होता. पहिल्या फेरीच्या आधी त्याच्यापुढे दोन उदबत्त्या आणि गुरुवारी धूप. उदबत्ती लावली की खुशालराव चारी काचा वर करून घेत, कारण वाऱ्याने उदबत्ती भरभर जळते आणि देवाच्या वाटणीला काही राहत नाही, असा त्यांचा हिशेब. मग त्या धुरात ते पाच मिनिटं डोळे मिटून बसत. हे झालं काचेच्या आतल्या बाजूचं. बाहेरच्या बाजूला पावसाळ्यात वेगळाच विधी असे. वायपर रुसला की खर्र्यातली तंबाखू ओली करून काचेवर चोळायची, म्हणजे पाणी काचेवर थांबत नाही. हा उपाय त्यांना जुन्या ट्रकवाल्यांनी दिला होता. वायपरचं रबर बदलणं हाही एक उपाय होता, पण तो कोणा वडीलधाऱ्याने सांगितलेला नव्हता.

काच पुसत नव्हते असं नाही. रोज पुसत. कोरड्या फडक्याने पुसत, आणि ते फडकं हाताचं तेल पुसायला, सीट झटकायला आणि कधी घाम टिपायलाही तेच असे. वर्षानुवर्षांचा धूर, तंबाखू आणि तेल त्या फडक्याने काचेवर नीट सारखं पसरवून ठेवलं होतं.

गेल्या उन्हाळ्यापासून खुशालरावांना दिसेनासं झालं. म्हणजे दुपारी ठीक, ढगाळ हवेतही ठीक. पण सकाळ-संध्याकाळ सूर्य समोर आला की अख्खा रस्ता दुधात बुडाल्यासारखा पांढरा. त्यात एखादी सावली हलली तर ती म्हैस आहे की मोटारसायकल, हे जवळ जाईपर्यंत कळेना. त्यांचे वडील केशवराव याच वयात डोळ्यांनी अधू झाले होते. मोतीबिंदू होता, पण डोळ्याला सुरी लावू देणार नाही म्हणून हट्टाने बसले, आणि शेवटची वर्षं ओट्यावर बसून माणसं आवाजावरून ओळखत काढली. आता पाळी आपली, असं खुशालरावांनी धरलंच.

खरं तर घरी ओट्यावर बसलं की समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत होती. डोळा अधू झालेल्या माणसाला ओट्यावर दिसावं आणि जीपमध्ये दिसू नये, हे काही पटण्यासारखं नाही. पण भ्यालेला माणूस असा विचार करत नाही. डॉक्टरकडे गेलं तर तो नक्की सांगेल, आणि सांगितलं की संपलं, म्हणून ते गेलेच नाहीत. आणि भरल्या गाडीचा जीव हातात घेऊन रोज तसेच चालवत राहिले, ही गोष्ट मात्र त्यांना माफ करण्यासारखी नाही. एसटीच्या मागे मागे जायचं, वेग कमी ठेवायचा, एवढीच त्यांची अक्कल चालली.

शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की गाडी विकायची. दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला भगवंतराव आले होते, स्टँडवरचे जुने सोबती, दोन जीपचे मालक. खुशालरावांनी त्यांना शब्द दिला की दिवाळीच्या पाडव्याला गाडी तुमच्या दारात उभी करतो. कारण विचारलं तर पुण्यातल्या मुलाचं, विपुलचं नाव पुढे केलं. तो मागे लागलाय, म्हणतो आता आराम करा. विपुल तसं म्हणायचाही, त्यामुळे थाप अगदीच खोटी नव्हती. बायकोला, जमुनाबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं. डोळ्यांचं एका अक्षराने कोणाला कळू दिलं नाही. गाडी गेली की आपण ओट्यावर बसणार, बापासारखे, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

आता इंदूबाईंची गोष्ट.

इंदूबाई अमरावतीत मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये भांडी घासायच्या. सकाळच्या पहिल्या फेरीला जायच्या, संध्याकाळच्या फेरीला परत. मागे बसलं की त्यांना उलटी होई, म्हणून पुढची खिडकीची जागा त्यांची. किती वर्षांपासून ते दोघांनाही सांगता आलं नसतं. रोजच्या सीटा त्यांना बघून आपोआप मागे सरकत. पूर्वी त्या फार बोलत नसत. पण गेल्या काही महिन्यांपासून त्यांची जीभ सैल सुटली होती. खिडकीतून डोकं बाहेर काढायचं आणि जे दिसेल ते सांगायचं. ह्या बकऱ्या कोनाच्या सुटल्या मधातच. तो सायकलवाला पाहा, दारू पिला काय. बैलगाडी चालली बापा, कपाशी भरून. थांबा थांबा, पोरीले रस्ता पार करू द्या. दर्यापूरपासून अमरावतीपर्यंत हे समालोचन अखंड चाले. मागची मंडळी हसत. खुशालरावांना वैताग येई. एवढीशी बाई, पण तोंडाला टाळा नाही, असं त्यांनी घरी दोनदा म्हणूनही दाखवलं होतं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एके सकाळी, सीटा भरत असताना, इंदूबाईंनी पिशवीतून औषधाची एक रिकामी बाटली काढली. त्यात हिरवा पातळ साबण होता, भांड्यांचा. स्वतःच्या घरचा, मेसमधला नव्हे, हेही त्यांनी सांगून टाकलं. काचेला हा लावून पाहा, भाऊ, म्हणाल्या, काच लय खराब झाली.

खुशालरावांना वाटलं, बाईच्या ध्यानात आलं, आपल्याला दिसत नाही ते हिला कळलं, आता स्टँडभर होणार. घाबरलेल्या माणसाच्या हाताला जो धोंडा लागतो तो तो फेकतो. खुशालरावांच्या हाताला देव लागला.

"अठी देव बसते, इंदूबाई," ते मोठ्याने म्हणाले. "खरकट्या भांड्याचा साबन मी देवापुढच्या काचीले लावू काय?"

रसवंतीवाला वळून पाहायला लागला. इंदूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बाटली पिशवीत ठेवली, आणि पुढची जागा सोडून मागे जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांना वलगावच्या अलीकडे उलटी झाली. तरी दुसऱ्या दिवशीही त्या मागेच बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीही.

खुशालरावांना वाटलं, आपण साबणाबद्दल बोललो. घरी त्यांनी तसंच सांगितलं, जरा फुशारकीनेच, की कसं देवाचं पावित्र्य राखलं. जमुनाबाई भाकर थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"देवाले निवद दाखवता ते ताट कायनं घासून राहिली मी? गंगेच्या पान्यानं?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की इंदूबाईचं घर कुठे आहे ते माहीत आहे ना. खुशालराव म्हणाले, माहीत आहे, बुद्धविहाराच्या मागे. जमुनाबाई म्हणाल्या, मग तिच्या हातचं आपल्या देवापुढे चालत नाही, असं भर स्टँडवर तिला सांगितलंत तर तिने काय समजायचं होतं?

खुशालरावांचा घास तोंडातच राहिला. तसं मनात नव्हतं हो, असं ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच नक्की सांगता येईना, की नव्हतं म्हणजे अगदीच नव्हतं का. बाटली जमुनाबाईंनी दिली असती तर तोंडून हेच निघालं असतं का? ते जेवण अर्धं टाकून उठले. पण माफी मागायला लगेच कोण जातं? पुरुषाच्या जातीला चूक कळायला वेळ लागतो आणि कळल्यावर तोंड उघडायला त्याहून जास्त. त्यांनी दोन दिवस असेच घालवले.

मग ती संध्याकाळ आली. अमरावतीहून परतताना वलगाव मागे पडलं, आणि सूर्य काचेच्या बरोबर मध्ये आला. समोर नेहमीचा पांढरा पडदा. आज पुढे एसटीही नव्हती. शेजारच्या जागेवर एक कॉलेजचा मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. गाडीत कोणी काही बोलत नव्हतं. खुशालरावांना सारखं वाटत होतं की काहीतरी कमी आहे, पण काय ते सुचत नव्हतं.

आधी टायरखाली कर्रकर्र आवाज झाला. त्यांनी ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला कोणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं, गाडी त्यात शिरली होती, आणि गोल दाण्यांवरून टायर ब्रेकला दाद न देता घसरत गेले. मागच्या सीटा एकमेकांवर आदळल्या. गाडी थांबली तेव्हा बोनटच्या अगदी पुढे, हाताच्या अंतरावर, एक म्हातारी सूप हातात धरून उभी होती. ती इतका वेळ तिथेच, रस्त्याकडे पाठ करून, सोयाबीन पाखडत होती. खुशालरावांना ती दिसलीच नव्हती. हिरवं लुगडं, पांढरे केस, एवढी जिवंत बाई, आणि त्यांना दिसली नव्हती.

म्हातारी तीन पावलं बाजूला झाली, तोल सावरला, मग खिडकीशी आली. ओरडली नाही. "डोये घरी ठेवून आला काय रे बापा?" तिने विचारलं.

खुशालराव खाली उतरले आणि रस्त्यावरच बसले. सीटाही उतरल्या. कोणी दाणे गोळा करायला लागलं, कोणी म्हातारीची समजूत घालायला. पार्बताबाई तिचं नाव. इंदूबाईंनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली तिला दिली, तिला शेताच्या धुऱ्यावरच्या दगडावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग तिच्या बाजूचे फुटके दाणे वेगळे करू लागल्या.

आणि रस्त्यावर बसल्या बसल्या खुशालरावांना कळलं, काय कमी होतं ते. इंदूबाईंचा आवाज कमी होता. बकऱ्या, सायकलवाला, बैलगाडी, रस्ता ओलांडणारी पोरगी. गेले कित्येक महिने त्यांच्या वाटेतली प्रत्येक गोष्ट त्यांच्यापर्यंत डोळ्यांनी नव्हे, कानांनी पोचत होती. ती बाई बडबड करत नव्हती. ती गाडी चालवत होती. आणि हे करताना तिने एकदाही म्हटलं नव्हतं की भाऊ, तुम्हाला दिसत नाही का. चारचौघांत त्यांची लाज राखली होती. त्यांनी मात्र त्याच चारचौघांत तिची काढली होती.

उरलेला रस्ता ते पायी चालल्याच्या वेगाने आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुशालराव वसतिगृहाच्या मागच्या दाराशी गेले. इंदूबाई मोठमोठी पातेली उपडी घालत होत्या. त्यांना पाहून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदराला हात पुसले. खुशालरावांना रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"इंदूबाई," ते म्हणाले, "घान माह्या काचीले होती. मी नाव तुमच्या हाताले ठेवलं."

इंदूबाईंनी एक पातेलं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, त्यांची आजेसासू असं काही ऐकलं की घरी येऊन रडायची, सासू भांडायची. "मी ना रडली, ना भांडली. मी मांगं जाऊन बसली. पन मांगून रस्ता दिसे नाई, अन् जीव खालवर होये, की भाऊ आता कोनाच्या अंगावर घालते."

खुशालरावांनी मान खाली घातली. मग त्यांनी जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांना सांगितलं. बापाचे डोळे, आपले डोळे, भगवंतरावांना दिलेला शब्द. शेवटी विचारलं, माझ्या डोळ्यांचं तुम्हाला कधीपासून कळलं होतं?

इंदूबाईंना प्रश्नच कळला नाही.

"डोयाचं मले काय मालूम?" त्या म्हणाल्या. "मले काचीचं मालूम होतं. मी त्याच काचीतून पाहून राहिली ना, भाऊ. मलेही तेवढंच पांढरं दिसे. म्हून तर डोकं भाईर काढून पाहे."

खुशालराव दाराच्या पायरीवर बसले. इतके महिने ते आतल्या आत आंधळे होत होते, ओट्यावरची जागा ठरवत होते, गाडी दुसऱ्याच्या दारात पोचवत होते, आणि शेजारी बसलेल्या चांगल्या डोळ्यांच्या बाईलाही तेच दिसत होतं. एकदा विचारलं असतं तर? आपल्याला विचारायची सवय नाही, हेच खरं दुखणं.

मग मेसच्या मागच्या नळाशी जीप उभी राहिली. महाराजांचा फोटो आधी उतरवायचा होता. खुशालरावांनी तो दोन्ही हातांनी काढला, कपाळाला लावला, इकडेतिकडे पाहिलं, आणि इंदूबाईंच्या हातात दिला. इंदूबाईंनी हात पुन्हा एकदा पदराला पुसले आणि फोटो घेतला. काम होईपर्यंत तो त्यांनी पदरात गुंडाळून, काखेत धरून ठेवला होता. एका हाताने त्या सूचना देत होत्या.

खुशालरावांनी साबणाची ती बाटली बादलीत उपडी करायला घेतली तेव्हा इंदूबाईंनी पहिल्यांदा अडवलं. पातेलं नाही घासायचं, काच आहे, बादलीभर कोमट पाण्याला अगदी थोडा साबण पुरतो, जास्त झाला तर त्याचाच थर बसतो आणि पहिल्यापेक्षा वाईट दिसतं. घासणीकडे हात गेला तेव्हा दुसऱ्यांदा अडवलं, तारेच्या घासणीने काचेला कायमच्या रेघा पडतील. जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा त्यांनी आतून आणून दिला. पत्र्याला साबण जास्त लागू देऊ नका, रंगाची चमक जाते, हेही सांगितलं. ते त्यांना त्यांच्या भाच्याकडून कळलं होतं, तो एका गॅरेजात कामाला होता.

आतली बाजू आधी केली. फडकं पाण्यात पिळलं तर पाणी चहासारखं झालं आणि त्याला चंदनाचा वास सुटला. एवढ्या वर्षांच्या उदबत्त्या वसतिगृहाच्या मोरीतून वाहून गेल्या. दुसऱ्यांदा पाणी पिवळं आलं, तिसऱ्यांदा गढूळ, मग स्वच्छ. बाहेरच्या बाजूची तंबाखू जास्त चिवट निघाली, तिला साबण लावून थोडं थांबावं लागलं. वायपरच्या रबरावरूनही फडकं फिरवलं, ते काळंकुट्ट झालं. शेवटी साध्या पाण्याने दोनदा धुऊन, कोरड्या कापडाने पुसून, वर्तमानपत्राचा कागद फिरवला. वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन मुली गॅलरीतून हे सगळं बघत होत्या, त्यांना हसू येत होतं. खुशालरावांना त्याचं काही वाटलं नाही.

इंदूबाईंनी फोटो परत दिला. खुशालरावांनी तो स्टिअरिंगच्या वरून हलवून डाव्या कोपऱ्यात, खाली ठेवला. देवाला सगळीकडून दिसतं, ड्रायव्हरला फक्त समोरून, असं ते म्हणाले. इंदूबाई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

त्या संध्याकाळी सूर्य नेहमीच्या जागी आला. डोळे दिपले, कोणाचेही दिपतात, खुशालरावांनी ऊन अडवणारी वरची पट्टी खाली ओढली, आणि रस्ता जागच्या जागी होता. काळा रस्ता, दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी, दूरवर एक मोटारसायकल आणि तिच्यावर बसलेली तीन माणसं. मोजता आली, तीन. सोयाबीन वाळत होतं तिथे पार्बताबाई आजही बसल्या होत्या, आणि त्या खुशालरावांना पार लांबून दिसल्या. त्यांनी गाडी थांबवून हात जोडले. म्हातारीने सूप हलवून, जा जा, अशी खूण केली. खुशालरावांचे डोळे भरून आले आणि पुन्हा धूसर दिसायला लागलं, पण या वेळी कारण ठाऊक होतं.

तरी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. लांबच्या गावांच्या पाट्या काच स्वच्छ असूनही जरा पुसट दिसत होत्या. काच मळकी होती तोवर काचेचं किती नि डोळ्याचं किती, हे कळायला मार्गच नव्हता. आता कळलं, आणि कळल्यावर भीती राहिली नाही. रविवारी ते अकोल्याला, जुन्या शहरात राहणाऱ्या मुलीकडे, प्राजक्ताकडे गेले, आणि तिच्यासोबत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, आज काही करायचं नाही, चष्मा लावा, सहा महिन्यांनी दाखवा, दिवसा गाडी चालवायला हरकत नाही. काढायची वेळ आली तर हल्ली जेवणाआधी ऑपरेशन करून जेवणाला घरी पाठवतात. केशवरावांनी जिला आयुष्यभर घाबरून डोळे घालवले ती सुरी ही एवढीशी. प्राजक्ताने बापाला काळ्या काड्यांचा चष्मा घेऊन दिला. तो लावून ते मोर्णा नदीच्या पुलावर उभे राहिले आणि पलीकडच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचत सुटले, तेव्हा ती त्यांना ओढतच घरी घेऊन गेली.

मग भगवंतरावांना तोंड दाखवणं आलं. दिलेला शब्द मोडायचा म्हणजे वऱ्हाडात साधी गोष्ट नाही. खुशालराव सरळ गेले आणि विपुलची थाप बाजूला ठेवून खरं काय ते सांगितलं. भगवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. काच धुतली म्हणून सौदा मोडल्याचं आपण उभ्या जन्मात ऐकलं नाही, असं ते म्हणाले, आणि पोट धरून हसले. रागावले असते तरी खुशालरावांनी ऐकून घेतलं असतं. निघताना भगवंतरावांनी हळूच विचारलं, तो साबण कोणता.

दिवाळीला वसतिगृह बंद होतं. भाऊबीजेला जमुनाबाईंनी फराळाचा डबा भरला आणि दोघं विहारामागच्या वस्तीत गेले. इंदूबाईंनी चहा केला. खुशालरावांनी तो बशीत ओतून, फुर्र करत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि मग त्यांच्याने राहवलं नाही. तुमच्यामुळे माझी गाडी राहिली, म्हणाले, गाडी राहिली म्हणजे मी राहिलो. आणि ती म्हातारी राहिली. हे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही. इंदूबाई म्हणाल्या, फेडायचं काय त्यात, त्या गाडीत त्याही बसत होत्याच की. जमुनाबाईंनी निघताना त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

सुट्ट्या संपल्या. पहिल्या फेरीला इंदूबाई आल्या आणि पुढच्या खिडकीशी बसल्या. खुशालरावांनी उदबत्ती लावली, पण खाली उतरून, रस्त्यावर उभं राहून, बाहेरच्या बाहेर. गाडी निघाली. सूर्य वर आला, थेट समोर. खुशालरावांना चष्म्यातून आणि काचेतून सगळं दिसत होतं, तरी सवयीने कान शेजारी लागलेले. बकऱ्या आल्या, गेल्या. कापसाची गाडी आली, गेली. इंदूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुन्हा काही चुकलं का आपलं, असं वाटून खुशालरावांनी घाबरत घाबरत तिकडे पाहिलं.

इंदूबाई झोपल्या होत्या. खिडकीच्या कडेला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं, मांडीवर पिशवी. घरचं सगळं आटोपून पहिल्या गाडीला येणारी बाई किती वाजता उठत असेल, हा विचार खुशालरावांच्या मनात आजवर आला नव्हता. मागे बसलेले सगळे रोज सकाळी तिच्या बोलण्याला हसून झालं की अमरावतीपर्यंत डुलक्या घेत. इतक्या महिन्यांत ही एकटी जागी होती, आणि त्यांच्यासाठी जागी होती.

मागून कोणीतरी म्हणालं, भाऊ, गाणे लावा. खुशालरावांनी आरशातून बोट ओठांवर ठेवून दाखवलं. वलगावच्या खड्ड्यांतून त्यांनी गाडी अशी काढली की पिशवीसुद्धा हलली नाही. अमरावती आली तेव्हा बाकीच्यांना हळू उतरायला सांगितलं, आणि इंदूबाईंच्या कामाला अजून थोडा वेळ आहे हे पाहून गाडी सावलीत नेऊन उभी केली.